वेल्डिंग इंजिनीअरिंगची पदवी: कोल्हापुरातून कशी करावी, त्यात काय शिकावं

प्रश्न असा आहे: बारावी सायन्स झाली, सीईटी दिली. वडिलांची शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनची शेड आहे. वेल्डिंग इंजिनीअरिंगमध्येच पदवी घ्यायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात, "रॉड जाळायला डिग्री कशाला? आयटीआय कर आणि शेडमध्ये उभा राहा." ब्रँच कुठली घ्यावी, चार वर्षांत नेमकं काय शिकायचं असतं, आणि कोल्हापुरात राहून हे जमेल का?

घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रॉड जाळायला डिग्री लागत नाही. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे. त्यातून निघालेला, हात बसलेला मुलगा काही वर्षांत ६जी पोझिशनमध्ये, म्हणजे ४५ अंशात तिरप्या धरलेल्या पाइपवर, एक्स-रेला पास होणारा जोड मारतो. इंजिनीअरिंग केलेल्या बहुतेकांना तो जोड जन्मात जमत नाही आणि जमायची गरजही नसते. इंजिनीअरचं काम वेल्डरने होल्डर हातात घेण्याआधी सुरू होतं. कुठला रॉड, किती अँपिअर, किती तापवायचं, दोन रनमध्ये (रन म्हणजे वेल्डची एक फेरी) किती थंड होऊ द्यायचं हे तो ठरवतो. जोड तडकलाच, तर का तडकला हेही त्यालाच सांगावं लागतं.

उद्यमनगरात रोज दिसणारं उदाहरण घ्या. ईएन८ चा, म्हणजे मध्यम कार्बनच्या पोलादाचा, तुटलेला शाफ्ट दुरुस्तीला येतो. वेल्डर साध्या ६०१३ रॉडने भरून देतो, शाफ्ट लेथवर साफ होतो, गिऱ्हाईक घेऊन जातं आणि काही दिवसांत शाफ्ट वेल्डच्या बरोबर कडेला तुटतो. वेल्ड शाबूत, तुटला शेजारचा शाफ्ट. शेडमध्ये दोष रॉडवर किंवा वेल्डरवर जातो. खरं कारण कार्बन इक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे पोलाद वेल्डशेजारी किती कडक होऊ शकतं हे सांगणाऱ्या आकड्यात, असतं. सूत्र असं: कार्बन + मँगनीज/६ + (क्रोमियम + मॉलिब्डेनम + व्हॅनेडियम)/५ + (निकेल + तांबे)/१५. आयएस २०६२ ची साधी प्लेट, कार्बन ०.१८ आणि मँगनीज १.० धरली तर उत्तर ०.३५ येतं. ईएन८ मध्ये कार्बन ०.४० आणि मँगनीज ०.८, म्हणजे ०.५३. साधारण ०.४० च्या वर गेलं की तापवल्याशिवाय वेल्ड करायचं नाही. जोडाशेजारचा, न वितळलेला पण तापून बदललेला पट्टा, ज्याला हीट अफेक्टेड झोन म्हणतात, तो पटकन थंड झाला की त्यात मार्टेन्साइट तयार होतं. ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ असतं. त्यात ६०१३ च्या कोटिंगमधल्या ओलाव्यातून आलेला हायड्रोजन शिरतो, जोड आकसताना ताण येतो, आणि तापमान साधारण १५० अंशांखाली उतरलं की चीर पडते. ती लगेच दिसेलच असं नाही. म्हणून महत्त्वाच्या कामात वेल्ड झाल्यावर ४८ तास थांबून तपासणी करतात.

उपाय शेडमध्येच होण्यासारखा आहे. शाफ्ट १५० ते २५० अंशांपर्यंत तापवा, ७०१८ (कमी हायड्रोजनचा) रॉड ३०० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजून घ्या, जोड झाल्यावर शाफ्ट चुन्यात किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये पुरून सावकाश थंड होऊ द्या. हे अनुभवी मिस्त्रीही सांगेल. पण "२०० अंशच का, १०० का नाही" याला त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि इंजिनीअरचं शिक्षण तिथून पुढे सुरू होतं. पोलादाचं भवितव्य ८०० वरून ५०० अंशांपर्यंत उतरायला किती वेळ लागतो यावर ठरतं. जाड मालात या वेळेची तुलना करायची युक्ती सोपी आहे: सुरुवातीचं तापमान ५०० मधून आणि ८०० मधून वजा करा, दोन्ही उत्तरांचे व्यस्तांक घ्या आणि एकातून दुसरा वजा करा. २५ अंशांवर ०.०००८२ येतं, २०० अंशांवर ०.००१६७. म्हणजे अँपिअर, व्होल्टेज, वेग तेच ठेवून नुसतं २०० अंशांपर्यंत तापवलं तर थंड व्हायचा वेळ दुप्पट होतो. १०० अंशांवर हाच आकडा १.३ पटीच्या आसपास राहतो. ईएन८ ला तेवढ्याने भागत नाही. हे गणित मांडता येणं आणि ते गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगला लावता येणं, यासाठी डिग्री.

आता ब्रँच. वेल्डिंग इंजिनीअरिंग याच नावाची स्वतंत्र पदवी अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात मिळते. तिथला विभाग १९४७ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे सीईटीच्या यादीत हे नाव शोधत बसू नका. आपल्याकडे हा विषय प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर शिकवतात. एनआयटी तिरुचिरापल्लीचं वेल्डिंग इंजिनीअरिंगचं एम.टेक. त्यासाठी ओळखलं जातं आणि तिथे गेटमधून जाता येतं. त्याच गावात बीएचईएलची वेल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूट १९७५ पासून आहे. म्हणजे पदवी मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा मेटलर्जीची घ्यायची आणि वेल्डिंग तिच्यात भरायचं.

मेटलर्जी की मेकॅनिकल, यात माझा कौल मेटलर्जीकडे आहे, आणि तोही ठाम. वेल्डिंगचे अवघड प्रश्न धातूच्या पोटातले असतात. कॉलेजने न शिकवलेलं यंत्रांचं ज्ञान शेडमध्ये मिळून जातं, पण फेज डायग्राम शेडमध्ये कुणी शिकवत नाही. महाराष्ट्रात पुण्याच्या सीओईपीत आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जी आहे. तिथे गुण पुरले नाहीत किंवा घर सोडता येत नसेल, तर कोल्हापुरात मेकॅनिकल घेऊन धातूशास्त्राची उणीव स्वतः भरून काढा. रडत बसायचं कारण नाही. मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात वेल्डिंग म्हणजे मॅन्युफॅक्चरिंगच्या एका विषयातली जेमतेम दोन युनिट्स असतात, हे मात्र आधीच धरून चला.

पहिल्या वर्षी वेल्डिंगचं असं काही नसतं. तरी ड्रॉइंगमध्ये वेल्डची चिन्हं आत्ताच पक्की करा. आयएस ८१३ त्यासाठीच आहे. बाणाच्या बाजूचा वेल्ड आणि पलीकडच्या बाजूचा वेल्ड यात गोंधळ झाला की सगळा जॉब उलट्या बाजूने भरला जातो आणि गॅसने कापून काढावा लागतो. अमेरिकन पद्धतीत रेषेखालचं चिन्ह बाणाच्या बाजूचं असतं. आयएसओच्या एका पद्धतीत मात्र अखंड रेषेवरचं चिन्ह बाणाच्या बाजूचं आणि तुटक रेषेवरचं पलीकडचं. ड्रॉइंग कुठल्या पद्धतीचं आहे हे टायटल ब्लॉकमध्ये आधी बघायचं.

दुसऱ्या वर्षी थर्मो आणि धातुशास्त्र येतं. लोखंड-कार्बन आकृती परीक्षेपुरती पाठ करू नका. तिच्यावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे: जोडापासून अर्धा मिलिमीटरवर तापमान कुठवर गेलं, दोन मिलिमीटरवर कुठवर, आणि म्हणून कुठे कण मोठे झाले, कुठे बारीक राहिले. याच वर्षी विजेचा भाग नीट घ्या, कारण मेकॅनिकलवाले इथे कच्चे राहतात. रॉडच्या आणि टिगच्या (आर्गॉन वायूखाली टंगस्टनच्या टोकाने वेल्ड करणाऱ्या) मशिनला स्थिर करंट लागतो. हात थोडा वर-खाली झाला तरी अँपिअर फारसे बदलत नाहीत. सीओटू मशिनला, म्हणजे गॅसच्या झोतात वायर आपोआप पुढे सोडणाऱ्या मशिनला, स्थिर व्होल्टेज लागतं, आणि तिथे अँपिअर ठरतात ते वायरच्या वेगावर. हे न कळलेला पोरगा सीओटू मशिनवर "करंट वाढवा" म्हणून व्होल्टेजचा नॉब फिरवतो आणि मग अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच) का आला म्हणून डोकं खाजवतो.

तिसरं वर्ष सगळ्यात मोलाचं, आणि नेमकं तेच पोरं वाया घालवतात. वेल्डिंगमधला इलेक्टिव्ह, नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, मटेरियल टेस्टिंग, जे मिळेल ते घ्या. सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या शेडमध्ये एक छोटी प्रयोगशाळा उभी करा. दहा मिलिमीटर प्लेटचे दोन तुकडे कोनात ठेवून फिलेट वेल्ड करा, हॅकसॉने आडवा छेद घ्या, १२० पासून ६०० किंवा ८०० पर्यंतच्या एमरीवर घासा, आणि पाच टक्के नायटलने, म्हणजे ९५ मिलि अल्कोहोलमध्ये पाच मिलि नायट्रिक ॲसिड घालून केलेल्या द्रावणाने, पुसा. ॲसिड अल्कोहोलमध्ये हळूहळू घालायचं, उलटं नाही. हातमोजे आणि गॉगल घालून, हवेशीर जागेत. पाच टक्क्यांच्या वर जायचं नाही आणि उरलेलं द्रावण बूच घट्ट लावून ठेवायचं नाही. काही सेकंदांत वेल्डची सीमा आणि बाजूचा पट्टा स्पष्ट दिसतो. पट्टीने पेनेट्रेशन आणि पट्ट्याची रुंदी मोजा. मग करंट वीस अँपिअरने बदला, वेग बदला, रॉड बदला, आणि प्रत्येक वेळी वहीत लिहा. असे तीस छेद घेतलेला मुलगा पुस्तक पाठ केलेल्याच्या कितीतरी पुढे असतो.

हीट इनपुटही त्याच वहीत मांडा: (व्होल्ट × अँपिअर × ६०) भागिले (१००० × मिलिमीटर प्रति मिनिट वेग). २५ व्होल्ट, १२० अँपिअर, १५० मिलिमीटर प्रति मिनिट, तर १.२ किलोज्यूल प्रति मिलिमीटर. युरोपियन पद्धतीत रॉडच्या वेल्डिंगसाठी याला ०.८ ने गुणतात. एएसएमई या अमेरिकन कोडच्या नेहमीच्या सूत्रात गुणत नाहीत. गिऱ्हाईक कुठल्या कोडचं आहे हे न बघता आकडा लिहिला की इन्स्पेक्टर कागद परत करतो.

वडिलांना डिग्रीचा उपयोग पटवायचा असेल तर आणखी एक हिशेब दाखवा. ड्रॉइंगवर सहा मिलिमीटर लेगचा (बाजूचा) फिलेट असतो, आणि वेल्डर "मजबूत होऊ दे" म्हणून आठचा भरतो. सहाच्या वेल्डचं क्षेत्रफळ १८ चौरस मिलिमीटर, आठचं ३२. मीटरला १४१ ग्रॅमऐवजी २५१ ग्रॅम धातू जातो. रॉड, वीज, गॅस, मजुरी सगळं जवळपास पावणेदोन पट, आणि वर प्लेट जास्त वाकते ती वेगळीच.

कोल्हापूरचा खरा फायदा आता येतो, आणि तो पुण्या-मुंबईच्या मुलांना सहज मिळत नाही. इथे फाउंड्रीज आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिकडे जाल तिकडे बीड, म्हणजे कास्ट आयर्न, ओतलं जातं. बिडाचं वेल्डिंग हा वेल्डिंग मेटलर्जीचा जणू पूर्ण सेमिस्टर आहे. कार्बन तीन-साडेतीन टक्के. वेल्डशेजारी तो झटकन थंड झाला की ग्रॅफाइटऐवजी सिमेंटाइट राहतं, पांढरं कडक बीड तयार होतं आणि ड्रिल घासून घासून निळं पडतं. बिडाला ताणण्याची सवय नाही, म्हणून आकसताना ते फाटतं. म्हणून निकेलचा किंवा निकेल-लोखंडाचा रॉड वापरतात. निकेल कार्बनशी कडक कार्बाइड करत नाही, वेल्ड मऊ आणि मशिनिंग होण्याजोगा राहतो. पद्धत अशी: चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडा म्हणजे चीर पुढे सरकणार नाही. खाच घ्या. रन २५ ते ५० मिलिमीटरच मारा. गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोका. हात ठेवता येईल इतकं निवल्याशिवाय शेजारी दुसरा रन नको. घाई करणारा इथे हमखास फसतो. आणि एक व्यवहाराची गोष्ट: मोटार उद्योगाचे अनेक ग्राहक त्यांच्या कास्टिंगवर विनापरवानगी वेल्ड चालवून घेत नाहीत. ब्लोहोल (ओतकामात राहिलेली पोकळी) बुजवून गुपचूप पाठवणं म्हणजे अख्खा लॉट परत येण्याची तयारी.

साखर कारखाने ही दुसरी प्रयोगशाळा. गळीत हंगाम संपला की ऑफ सीझनमध्ये मिल, बॉयलर, पंप सगळं उघडतं. त्या काळात इंटर्नशिप मागा. मिलच्या रोलरवर दातांना क्रोमियम कार्बाइडचे थेंब मारतात, त्याला आर्किंग म्हणतात. उसाला पकड मिळावी म्हणून हे करतात, आणि चालू हंगामात रोलर फिरत असताना, रसाने ओला असतानासुद्धा करतात. पुस्तकातला प्रत्येक नियम मोडून केलेलं हे वेल्डिंग टिकतं कसं, यावर चांगला अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट होतो: थेंबाचा कडकपणा, रोलरच्या बिडातल्या बारीक चिरा, टनामागे होणारी झीज.

बॉयलरचं काम मात्र फक्त बघायचं, हात लावायचा नाही. तिथे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५० लागू असतात आणि वेल्डरला त्याखालचं प्रमाणपत्र लागतं. जास्त दाबाच्या को-जन बॉयलरच्या सुपरहीटरमध्ये टी२२, काही ठिकाणी टी९१ ट्यूब असतात. टी९१ मध्ये नऊ टक्के क्रोमियम असतं. २०० अंशांच्या आसपास तापवायचं, आतून आर्गॉन सोडून टिगने रूट (जोडाच्या तळाचा पहिला रन) घ्यायचा, रनमधलं तापमान ३०० च्या वर जाऊ द्यायचं नाही, मग जोड १०० अंशांखाली उतरवायचा म्हणजे मार्टेन्साइट पूर्ण होतं, आणि त्यानंतरच ७५०-७६० अंशांवर हीट ट्रीटमेंट. मधली थंड करायची पायरी चुकली तर हीट ट्रीटमेंटनंतर आत कच्चं मार्टेन्साइट उरतं. काम ठीक दिसतं, आणि फुटतं हंगामाच्या ऐन मध्यावर. ईएन८ ला भीती पटकन थंड होण्याची, इथे मात्र आधी थंड करणंच भाग. हा फरक समजावून सांगता आला की तुमचा पाया पक्का झाला म्हणायचं.

दुधाच्या प्लांटमधली स्टेनलेसची पाइपलाइन मिळाली तर तीही बघा. ४५० ते ८५० अंशांत जास्त वेळ राहिलेल्या ३०४ मध्ये क्रोमियम कार्बाइड कणांच्या कडेला जमतं आणि तिथून गंज सुरू होतो. म्हणून ०.०३ टक्क्यांपेक्षा कमी कार्बनचं ३०४एल वापरतात. आतून आर्गॉन दिला नाही तर रूट काळा, खरखरीत होतो आणि त्या खरखरीत जागी दूध साचतं. जाता जाता हुपरीलाही चक्कर मारा. चांदीच्या कामातला डाग, म्हणजे तुकडे जोडणारा वितळवलेला मिश्रधातू, हाही जोडशास्त्राचाच भाग. कारागीर त्याला सोल्डर म्हणतात, पण डाग ४५० अंशांच्या वर वितळतो, त्यामुळे व्याख्येनुसार ते ब्रेझिंग ठरतं.

कोल्हापूरचा पाऊस हाही एक विषय आहे. जुलैत शेडमध्ये उघड्या पाकिटातला ७०१८ काही तासांत ओलावा ओढतो. भाजलेले रॉड साधारण १२० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवायचे आणि लागतील तसे काढायचे. सीओटू मशिनवर पावसाळ्यात छिद्रं आली की वेल्डर गॅस वाढवतो. लिटरमागून लिटर वाढवलं की नोझलपाशी झोत फाटतो, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि छिद्रं आणखी वाढतात. मिनिटाला १२ ते १८ लिटर पुरतो. आधी वारा अडवा, नोझलमधले स्पॅटर काढा, मग गॅसकडे वळा.

चौथ्या वर्षी कागद शिका. हा भाग कुणालाच आवडत नाही, आणि पगार यावरच ठरतो. आधी तात्पुरती वेल्डिंग प्रोसिजर लिहायची, त्याप्रमाणे चाचणी प्लेट वेल्ड करायची, तिचे तुकडे कापून दोन टेन्साइल आणि चार बेंड चाचण्या करायच्या, निकाल नोंदवायचा, मग त्या नोंदीवर खरी प्रोसिजर बेतायची. एएसएमई सेक्शन ९ प्रमाणे १२ मिलिमीटरच्या प्लेटवर केलेली चाचणी ५ ते २४ मिलिमीटर जाडीपर्यंत चालते. २५ ची प्लेट आली की नवीन चाचणी. बेंडमध्ये तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की नापास. इथे नवखा इंजिनीअर एकच चूक परत परत करतो: आधी जॉब वेल्ड करून घेतो आणि मग कागद मागच्या तारखेने भरतो. चाणाक्ष इन्स्पेक्टर रॉडचा बॅच नंबर आणि खरेदीची तारीख पडताळतो आणि सगळं उघडं पडतं.

पदवीनंतर आंतरराष्ट्रीय ओळखीचा कागद हवा असेल तर इंटरनॅशनल वेल्डिंग इंजिनीअर. इंजिनीअरिंगच्या पदवीवर साधारण साडेचारशे तासांचा अभ्यासक्रम असतो आणि भारतात तो इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंगच्या व्यवस्थेतून करता येतो. अमेरिकन सीडब्ल्यूआय ही तपासनिसाची परीक्षा आहे. तिला अनुभव लागतो, तीन पेपर असतात, प्रत्येकात किमान ७२ टक्के, आणि डोळ्यांची तपासणी सक्तीची. पहिल्याच वर्षी या कोर्सवर पैसे घालू नका. अनुभव नसलेल्याच्या हातातलं प्रमाणपत्र कंपनी बाजूला ठेवते. त्याऐवजी अल्ट्रासॉनिक आणि पेनेट्रंट या (माल न तोडता करायच्या) तपासण्यांचं लेव्हल टू आधी करा, कामाला लगेच येतं.

परदेशात चार वर्षांची पदवी करण्याचा विचार असेल तर घरावर कर्ज काढून जाऊ नका. इथे मेटलर्जी करून पुढे मास्टर्सला जाणं बहुतेकांना परवडतं.

ऑप्शन फॉर्म भरण्याआधी प्रत्येक कॉलेजात एकदा जाऊन या. ऑफिसात न विचारता थेट वर्कशॉपमध्ये जा. टिग आणि सीओटू मशिन चालू आहे की झाकून ठेवलंय ते बघा. गॅस सिलिंडरवर शेवटचा भरल्याचा टॅग कधीचा आहे ते वाचा. मेटलर्जिकल मायक्रोस्कोपवर धूळ आहे का, टेन्साइल मशिनचं कॅलिब्रेशन स्टिकर कुठल्या वर्षाचं आहे, गेल्या वर्षी किती मुलांनी वेल्डिंगवर प्रोजेक्ट केला आणि त्यांचे तुटलेले नमुने अजून कपाटात आहेत का, हे लॅब असिस्टंटला विचारा. प्राचार्यांपेक्षा तो खरं सांगेल.